मातीच्या मूर्तीचं मूळ कुठं शोधायचं?



पोळ्याच्या आदल्या आठवड्यात जुन्या नाशकात, भद्रकालीच्या बाजूला चक्कर मारली, तर रस्त्याच्या कडेला पोत्यावर मांडलेले मातीचे बैल दिसतात. शिंगं जरा वाकडी, वशिंड अंगापेक्षा मोठं, डोळ्याच्या जागी काळा ठिपका. ज्यांच्या दारात बैल नाही ते ही जोडी घरी नेतात, पाटावर ठेवतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. पुढं चार दिवस पोरं त्यांच्याशी खेळतात. एखाद्याचं शिंग मोडतं. मग कुणीतरी त्यांना नदीत सोडतं किंवा तुळशीच्या मुळाशी ठेवून देतं, आणि बैल पुन्हा माती होतो.

आता प्रश्न असा, की ही वस्तू म्हणजे नेमकं काय? देव म्हणावं, तर पोरं त्याच्याशी खेळतात. खेळणं म्हणावं, तर त्याला हळदकुंकू लागलेलं आहे. आणि कलाकृती म्हणावं, तर आपण ती आठ दिवसांत मोडू देतो. कलासमीक्षेच्या पुस्तकांत हा बैल कुठंच बसत नाही. आमचं म्हणणं असं, की दोष बैलाचा नाही, पुस्तकांचा आहे. आज आपण तो दोष नीट समजून घेऊ.

'मूळ' हा शब्द आपण फार सैल वापरतो. मातीची मूर्ती दिसली, की लगेच म्हणतो, पाच हजार वर्षांची परंपरा! हे म्हणायला काही लागत नाही. पण पुरावा काय म्हणतो तेही बघितलं पाहिजे, आणि तो बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही. गोदाकाठची मातीची गढी आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं. त्याच मोहिमेत संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे इथंही खणलं. त्या जोर्व्याच्या नावानं आज महाराष्ट्रातली एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते. आपल्या गढीच्या तळाशी त्या काळचे थर आहेत आणि त्यांच्यावर सातवाहन काळाचे. म्हणजे आपण ज्या शहरात बसलो आहोत ते अक्षरशः खापरांच्या ढिगावर उभं आहे.

पण मूर्तीच्या दृष्टीनं सगळ्यांत बोलका पुरावा मिळाला तो इनामगावला. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं १९६८पासून पुढं बरीच वर्षं तिथं काम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी त्यात होती. एका घराच्या जमिनीखाली पुरून ठेवलेली एक लंबगोल मातीची डबी सापडली. डबीच्या आत एक स्त्रीमूर्ती, तिला डोकं नाही. वर आणखी एक स्त्रीमूर्ती, तिला डोकं आहे. आणि सोबत एक बैल. बैलाच्या पाठीला भोक आणि बिनडोक्याच्या मूर्तीलाही भोक. मधे काडी घातली, की बाई बैलावर नीट बसते. काळ इसवी सनापूर्वी सुमारे १३००.

यातली आम्हाला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. या मूर्ती भाजलेल्या नाहीत. कच्च्या आहेत. आता बघा, हे लोक मडकी उत्तम भाजत होते. जोर्व्याचं तोटीचं भांडं आजही ठणठणीत वाजतं. म्हणजे भट्टी होती, ज्ञान होतं, तरी ही मूर्ती कच्ची ठेवली. ज्याला टिकवायचं असतं त्याला माणूस भाजतो. ही मूर्ती बहुधा टिकवायची नव्हतीच. ती आपल्यापर्यंत पोचली ती केवळ पुरली गेली म्हणून. काचेच्या पेटीत तिच्यापुढं उभं राहिल्यावर आपण जे बघतो तो एका अर्थी अपघात आहे. तिच्यासारख्या किती पाण्यात गेल्या असतील, त्यांची मोजदाद कुठलंच संग्रहालय करू शकणार नाही.

मग इनामगावचा बैल आणि भद्रकालीतला बैल यांचं नातं काय? मोह असा होतो, की सरळ रेघ ओढावी: तोच हा बैल! इथं थांबायला हवं. मधे तीन हजारांवर वर्षं आहेत. माणसं आली, गेली, गावं ओस पडली. डोकं नसलेली देवी पुढं सातवाहन काळात तेरला, भोकरदनला, नेवाशाला पुन्हा दिसते. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात तिचा मागोवा घेतलेला आहे. पण रूप पुन्हा दिसणं वेगळं आणि परंपरा अखंड असणं वेगळं. दोन पोरांचे चेहरे सारखे दिसले म्हणून ती भावंडं ठरत नाहीत. रूपात मूळ शोधायला गेलं, की आपल्या हाती फक्त साम्य लागतं.

रूपात नाही, तर मग मूळ तंत्रात आहे का? पुष्कळ लोक म्हणतात, हातानं घडवलेलं ते अस्सल आणि साच्यातलं ते बाजारू. हेही तपासून बघू. त्यासाठी तेरला जाऊ. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात ज्या बाजारपेठेचा उल्लेख येतो ते गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मृण्मूर्ती आहेत. काय नजाकत आहे! डोईवरचे अलंकार, कानातली भारी कुंडलं, ओठांवरचं अर्धं हसू. आणि यांतल्या कितीतरी मूर्ती दुहेरी साच्यात केलेल्या आहेत. पुढचा एक साचा, मागचा एक, दोन्ही अर्ध जोडायचे, आत पोकळ. काही तर पांढऱ्या केओलिन मातीच्या. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडं साच्यातून मूर्ती निघत होत्या, आणि त्या सुंदर होत्या. तेव्हा साच्याला नावं ठेवून आपली सुटका नाही. साचा हे पाप असेल तर ते फार जुनं पाप आहे.

आता हेच तेर दुसऱ्या एका कारणासाठी आपल्याला माहीत आहे. गोरोबाकाकांचं गाव ते. संतांच्या मेळ्यात सगळ्यांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं हे त्यांनी सांगितलं, आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही गोष्ट लहानपणी आपण ऐकलेली आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मातीच्या गोळ्याचा दाखला देतो. एक गोळा कळला, की मातीचं सगळं कळलं, बाकी घट, शराव ही नुसती नावं. वर्गात हा दाखला आम्ही कितीदा दिला असेल! पण एकदाही मनात आलं नाही, की हा दाखला ज्याच्या धंद्यातून उचलला त्या कुंभाराला कुणी विचारलं का? त्याच्या लेखी सगळी माती एक नसतेच. नदीची वेगळी, तळ्याच्या गाळाची वेगळी, कुठलीत राख किंवा लीद मिसळायची, कुठली तडकते, हे त्याला बोटांनी कळतं. गोरोबांच्या गोष्टीत मात्र उलटं झालेलं आहे. तिथं तत्त्वज्ञ कुंभाराची परीक्षा घेत नाहीत. कुंभार तत्त्वज्ञांची घेतो. आज आपणही थोडा वेळ थापटण्याखाली डोकं धरू.

रूपात मूळ नाही, तंत्रात नाही, तर कुठं? आमच्या मते ते व्यवहारात आहे. माती कुठून घेतली, कुणी मळली, कुणासाठी घडवली, कुठल्या दिवशी, आणि ती परत कुठं गेली, या पाच गोष्टींच्या साखळीत. गणपती विसर्जन करून येताना आपण पाट मोकळा आणत नाही. नदीकाठची चिमूटभर माती किंवा वाळू त्यावर ठेवून आणतो. नेलं ते पुरतं देऊन टाकायचं नाही, थोडं परत आणायचं. खानदेशात गुलाबाई महिनाभर घरात बसते, मुली रोज गाणी म्हणतात, आणि कोजागरीला तिला निरोप देतात. हरतालिकेला बायका वाळूची पिंड करतात, ती दुसऱ्या दिवशी राहतही नाही. बघा, या सगळ्यांत मूर्ती म्हणजे काही दिवसांचं येणंजाणं आहे. मोडणं हा मूर्तीचा शेवट नाही, तो तिच्या घडण्याचाच शेवटचा भाग आहे.

हे आपल्यापुरतं नाही, हे समजावं म्हणून जरा लांबचं एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात प्वेब्लो लोकांची जुनी गावं आहेत. कोचिटी हे त्यांतलं एक. तिथले कुंभार, आणि तिथं हे काम पुष्कळदा बायकांचं, मातीला आई मानतात. माती काढण्याआधी तिची प्रार्थना करतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे आली, प्रवासी आले, व्यापारी आले. तेव्हा कोचिटीच्या कुंभारांनी काय केलं? त्या पाहुण्यांच्याच मूर्ती केल्या! पाद्री, सर्कशीतली माणसं, सूटबूट घातलेले गोरे, तोंड उघडून गाणारे. बघायला आलेल्यांनाच त्यांनी बघून घेतलं. आणि त्या मूर्ती त्याच लोकांना विकल्या.

याच्यासमोर आपल्या मुंबईचं उदाहरण ठेवा. भायखळ्याचं १८७२ साली उघडलेलं संग्रहालय, आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिथं मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींचे, धंद्यांचे, पोशाखांचे मातीचे नमुने आहेत. काम सफाईदार आहे. पागोट्याची घडी, लुगड्याचा काठ, सगळं बिनचूक. पण त्यांच्याकडं बघताना काहीतरी खटकतं. ही माणसं नाहीत, मासले आहेत. घडवणारे हात इथलेच, नजर मात्र राज्यकर्त्यांची. कोचिटीच्या बाईनं साहेबाला मातीत पकडलं, आपल्या कारागिराकडून साहेबानं आपल्यालाच मातीत पकडून घेतलं. दोन्हीकडं कसब आहे. फरक आहे तो कोण कुणाकडं बघतंय याचा. मूर्तीची समीक्षा करताना हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आपल्याकडं खोडकर नजर नव्हतीच असं नाही हं! दिवाळीच्या किल्ल्यावर कुंभारवाड्यातून काय काय येतं ते आठवा. महाराज, मावळे, तोफ हे तर झालंच. पण शेजारी डोक्यावर हंडा घेतलेली गवळण, पोट सुटलेला वाणी, शिट्टी फुंकणारा पोलिस. पुण्याकडं त्यांना 'चित्रं' म्हणतात. 'किल्ल्यावरची चित्रं आणली का?' हा शब्द आम्हाला फार आवडतो, कारण त्यात देव आणि खेळणं हा भेद केलेलाच नाही. पण या चित्रांवर किती लेख लिहिले गेले? आम्हीही लिहिला नाही.

कोचिटीची गोष्ट पुढं गेली. १९६४ साली हेलन कॉर्डेरो या कोचिटीच्या बाईंनी एक मूर्ती केली. बसलेला म्हातारा, तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि अंगाखांद्यावर पाच पोरं. तो म्हातारा म्हणजे गोष्टी सांगणारे त्यांचे आजोबा, सांतियागो किंताना. मूल घेतलेल्या गाणाऱ्या आईची मूर्ती त्या गावात आधी होतीच. बाईंनी आईच्या जागी आजोबा बसवले आणि पोरं वाढवली. बस्स, एवढंच. पण त्या मूर्तीला 'गोष्ट सांगणारा' असं नाव मिळालं, बाईंना नाव मिळालं, आणि बघता बघता शेजारच्या गावांतले शेकडो कुंभार आपापले गोष्ट सांगणारे करू लागले. यात मूळ कुठं होतं? जुन्या रूपात थोडं. पण त्याहून जास्त ते गोष्ट सांगण्याच्या रिवाजात होतं. गोष्ट सांगणारा गेला, तर ती मूर्ती नुसती दुकानातली वस्तू होईल.

इथं आम्हाला आमच्याच म्हणण्यातला एक दोष दिसतो, तो लपवता येणार नाही. आम्ही आत्ता म्हटलं, मोडणं हा घडण्याचाच भाग. ऐकायला छान वाटतं. पण हे म्हणतं कोण? ज्याला मूर्ती करावी लागत नाही तो. कुंभाराची मूर्ती विरघळते तेव्हा तिच्याबरोबर त्याचं नावही विरघळतं, आणि ते काही आध्यात्मिक कारणानं नाही. तो बलुतेदार होता, वर्षाच्या धान्यावर काम करायचा. त्याचं काम हे कसब नसून कर्तव्य मानलं गेलं, म्हणून त्याचं नाव विचारायची गरजच कुणाला भासली नाही. निनावीपणाला वैराग्य म्हणणं ही आम्हा पंडितांची जुनी सोय आहे. पांडवलेण्यांत एक शिलालेख आहे, आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला. आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी दिलेला पैसा वेगवेगळ्या कारागिरांच्या श्रेणींकडं ठेव म्हणून ठेवल्याचं त्यात लिहिलं आहे. तेली आहेत, पाण्याची यंत्रं करणारे आहेत, आणि 'कुलरिक' आहेत. अभ्यासक त्याचा अर्थ बहुधा कुंभार असा लावतात. तो बरोबर असेल तर याच नाशकात कुंभारांच्या हाती धर्मादायाचा पैसा विश्वासानं सोपवला जात होता. श्रेणीचं नाव दगडावर कोरलं गेलं. पण त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

आता आजच्या वादाकडं येऊ, म्हणजे प्लास्टर की शाडू. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती हलकी, स्वस्त, रबरी साच्यातून भराभर निघणारी. पाण्यात ती विरघळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नदीकाठी आपण काय बघतो ते सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनी तिला मनाई केली, पुढं न्यायालयात बराच खल झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ती घरच्या घरी विरघळवायची रीतही काढली. हे सगळं योग्यच आहे. नदी वाचलीच पाहिजे. पण या वादात एक गोष्ट कुणी बोलत नाही. मूर्तीची सगळी चर्चा रसायनापुरती उरली. विरघळली, की पर्यावरणपूरक. झालं, संपलं! शाडू येते गुजरातेतून, पोत्यांत भरून. मूर्ती येते पेण-हमरापूरकडून, ट्रकमधून. इथं फक्त दुकान. म्हणजे पाच कड्यांतलं शेवटचं एक आपण दुरुस्त केलं, आणि पहिली चार सुटली तरी आपल्याला चुकचुकत नाही. पेणच्या कारागिरांवर हा ठपका नाही. पिढ्यान् पिढ्या खपून त्यांनी तो धंदा उभा केला आहे, आणि डोळ्यांच्या आखणीत त्यांचा हात धरणारा विरळा. ठपका आहे तो आपल्यावर, मूर्ती घेताना किंमत विचारणाऱ्या आणि नाव न विचारणाऱ्यांवर.

मग टिकवायचं काय? मूर्ती टिकवली तर विसर्जन जातं. विसर्जन ठेवलं तर कारागीर विसरला जातो. हा पेच खरा आहे का? आमच्या मते नाही. लालबागच्या राजाकडं बघा. दर वर्षी ती मूर्ती समुद्रात जाते, काहीही उरत नाही. तरी ते रूप कांबळी मूर्तिकारांच्या घरातलं आहे हे मुंबईत सगळ्यांना माहीत असतं. मूर्ती जाते, नाव राहतं. दोन्ही एकत्र नांदू शकतात, याला यापेक्षा ठळक दाखला नको. जे एवढ्या मोठ्या मूर्तीला जमतं ते वीतभर बैलाला का जमू नये?

शेवटी आमचीच एक चूक सांगून थांबतो. मागं पोळ्याला आम्ही रस्त्यावर बसलेल्या एका बाईंकडून बैलजोडी घेतली. विचारलं, 'कुणी केले हे?' त्या म्हणाल्या, 'आम्हीच की, दुसरं कोण?' आम्ही मान डोलावली, पैसे दिले आणि निघालो. घरी आल्यावर त्या 'आम्ही'चा अर्थ लक्षात आला. सासऱ्यांनी माती मळली असेल, नवऱ्यानं अंग केलं असेल, पोरीनं डोळे टिपले असतील. नाव म्हटलं, की आपल्याला एकच माणूस आणि खाली सही आठवते, कॉर्डेरोबाईंसारखी. इथलं नाव तसं नसेल. ते घराचं असेल, गल्लीचं असेल. पण ते आहे, आणि आम्ही ते विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी गेलो, तर त्या बाई तिथं नव्हत्या.

बैल पाण्यात गेले याचं वाईट वाटायचं कारण नाही. त्यांना जायचंच होतं. पण यंदा पोळ्याला, गणपतीला, दिवाळीच्या किल्ल्याला आपण मातीचं काही घ्याल तेव्हा घडवणाऱ्या घराचं नाव विचारा, माती कुठली तेही विचारा, आणि घरी येऊन कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहून ठेवा. मातीच्या मूर्तीची समीक्षा आपल्याला तिथूनच सुरू करावी लागेल. आम्ही ती पन्नास वर्षं उशिरा करतो आहोत.